पंप कंपनीने बदलला तर सुधारणा, आपण बदलला तर भानगड

२०२१ च्या पावसाळ्यात स्कोडाची कुशाक रस्त्यावर आली. आपल्याच चाकणच्या कारखान्यातली गाडी, १ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन. काही आठवड्यांतच काही मालकांच्या डॅशबोर्डवर 'ईपीसी' असा दिवा लागायला लागला. दिवा लागला की गाडीची ताकद जायची, ॲक्सिलरेटर दाबून उपयोग नाही. ऑक्टोबरमध्ये स्कोडाचे भारतातले तेव्हाचे प्रमुख झॅक हॉलिस यांनी ट्विटरवर सांगून टाकलं, की फ्युएल पंप बदलून त्या जागी जास्त दणकट, जागतिक बाजारातला पंप बसवणार.

मला त्या कंपनीला बोल लावायचा नाहीये. उघडपणे सांगितलं, हे चांगलंच केलं. पंपाचं दुखणं एकट्या तिचं नाही. मारुतीने जुलै २०२० मध्ये १,३४,८८५ वॅगनआर आणि बलेनो परत बोलावल्या, कारण फ्युएल पंप. होंडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ९०,४६८ जुन्या गाड्या बोलावल्या, कारण पुन्हा पंप. आतलं प्लास्टिकचं चक्र खराब निघालं तर गाडी चालता चालता बंद पडू शकते. (पंप म्हणजे आपण रांगेत उभे राहतो तो पेट्रोल पंप नव्हे. गाडीच्या टाकीत बुडालेली, मुठीत मावेल एवढी मोटर.)

मी भोसरी आणि चाकणच्या पट्ट्यात बरीच वर्षं याच वस्तूंच्या टेस्ट बेंचवर काम केलंय. मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्या छोट्या कंपन्यांमध्ये. त्यामुळे ओळखीची, अनोळखी पोरं माझ्याकडे पंप घेऊन येतात. "काका, टर्बो गाडी आहे, रिमॅप केलाय, आता मोठा पंप टाकायचाय, हा चालेल का?" हे विचारणारी पोरं बड्या बापाची नसतात. आयटीआय केलेली, शिफ्टमध्ये काम करणारी, सेकंड हँड पोलो जीटी टीएसआय घेतलेली असतात. तीही चाकणचीच गाडी. २०१३ साली आली तेव्हा १.२ लिटरमध्ये १०५ पीएस म्हणजे लोकांना चमत्कार वाटला होता.

आधी पंपाचं काम काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो. जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं. ते कमी पडलं तर मिश्रण पातळ होतं, सिलिंडरमधली उष्णता वाढते, इंजिन नॉकिंग करायला लागतं आणि प्रकरण फार ताणलं तर पिस्टनला भोक पडतं. रिमॅप करणारा टर्बोचा दाब वाढवतो, म्हणजे हवा वाढवतो. पेट्रोल पोचवायचं काम मात्र त्या जुन्याच मोटरवर राहतं. म्हणून मोठा पंप. पंपाने ताकद वाढत नाही, हे लक्षात घ्या. वाढवलेल्या ताकदीत इंजिन जिवंत राहावं म्हणून तो असतो.

ढोबळ हिशेब करू. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात एका किलोवॉटला तासाला साधारण ३३० ग्रॅम पेट्रोल पितं असं धरा. ११० पीएस म्हणजे सुमारे ८१ किलोवॉट. तासाला २७ किलोच्या आसपास, लिटरमध्ये ३६. तेच इंजिन १५० पीएसला नेलं तर ४९ लिटर. आता बाजारात पोरं काय घेतात? डब्यावर '२५५ लिटर ताशी' लिहिलेला पंप. पाचपट! वर म्हणतात, मोठा आहे तर चांगलाच असेल. तसं नसतं. पंपाचा आकडा एका ठराविक दाबाला आणि ठराविक व्होल्टेजला असतो. दाब वाढला की लिटर घटतात. मोठी मोटर करंटही जास्त खेचते. कंपनीची बारीक वायर आणि जुनी रिले तशीच ठेवली तर पंपापर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नाही, कनेक्टर तापतो. आणि हे सगळं पेट्रोलच्या टाकीत. टाकीच्या आतली नळीसुद्धा वेगळी लागते, कारण तिला आतून-बाहेरून दोन्हीकडून पेट्रोल लागतं. साधी नळी फुगते, क्लिपमधून सुटते.

टीएसआयसारख्या थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या इंजिनांत आणखी एक गोष्ट आहे. तिथे पंप दोन असतात. टाकीतला चार-सहा बारने पेट्रोल पुढे ढकलतो आणि इंजिनावरचा, कॅमशाफ्टवर चालणारा दुसरा पंप ते शंभर बारच्या वर, काही इंजिनांत तीनशेच्याही वर नेतो. कमी पडत असेल तो दुसरा आणि तुम्ही टाकीतला बदलला, तर पैसे पाण्यात. कुठला कमी पडतोय हे गाडी लोडवर चालवून दोन्हीकडच्या दाबाचा लॉग घेतल्याशिवाय कळत नाही. (तळेगाव चौकात पहिल्या गिअरमध्ये अर्धा तास उभं राहून तर अजिबात कळत नाही. चाकणमध्ये टर्बो गाडी घेऊन टर्बो कधी फिरतो, हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे.)

एका पोराने आणलेला पंप आम्ही बेंचवर लावून पाहिला. डबा नामांकित परदेशी ब्रँडचा, होलोग्राम वगैरे सगळं. ४ बार दाबाला १४० लिटरच्या वर सरकेना आणि आवाज असा, की शेजारच्या बेंचवरचा माणूस उठून बघायला आला. नकली होता. पोराने विचारलं, परत कुणाला करू? दुकानदाराने बिलच दिलं नव्हतं. बसवून देणाऱ्या गॅरेजनेही बिल देणार नाही म्हणून आधीच सांगितलं होतं.

बिल का देत नाहीत, हा माझा खरा मुद्दा आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही. आता कलम ५२ मध्ये पंप हा शब्द नाही. 'बदल' म्हणजे गाडीच्या रचनेत असा फेरफार, की तिचं मूळ वैशिष्ट्य बदलेल, असं स्पष्टीकरण आहे. नुसता पंप बदलून काय बदललं? काहीच नाही. पण ११० चे १५० पीएस केले आणि त्यासाठी पंप टाकला, तर माझ्या मते वैशिष्ट्य बदललं. दुसरा कुणी म्हणेल नाही. मोशीच्या आरटीओत विचारायला गेलात तर "कशाला नसत्या भानगडीत पडता" असं उत्तर मिळण्याचीच शक्यता जास्त.

अशा अर्धवट अंधारात सचोटीने काम करणारा मागे पडतो. चांगला मेकॅनिक, ज्याला रिले टाकायची अक्कल आहे, तो हे काम नाकारतो. जो घेतो तो रोखीत घेतो, बिल नाही, वॉरंटी नाही, काय बसवलं याची नोंद नाही. मालक विमा कंपनीला कळवत नाही, मग गाडीने पेट घेतला तर क्लेम अडकतो. चार वर्षांनी तीच गाडी कुणी तिसराच माणूस 'सिंगल ओनर' म्हणून घेतो आणि त्याच्या मागच्या सीटखाली काय चाललंय हे त्याला माहीतच नसतं.

पीयूसीत हे सापडेल, असं कुणी म्हणू नका. पीयूसी गाडी जागेवर उभी करून होते. मिश्रण बिघडतं ते पूर्ण जोरात, चढावर, बोरघाटात. तिथे पीयूसीवाला नसतो.

गंमत म्हणजे याचं उत्तर आपल्याकडे आधीच आहे, आणि ते आपल्या शहरात हजारो गाड्यांच्या डिकीत पडलंय. सीएनजी किट! कंपनीने दिलेल्या पेट्रोल गाडीत बाहेरचा माणूस अख्खी दुसरी इंधनव्यवस्था बसवतो, दोनशे बारचा सिलिंडर ठेवतो, आणि ते कायदेशीर आहे. कारण किटला चाचणी संस्थेची मान्यता असते, बसवणारा अधिकृत असतो, आरटीओ आरसीत नोंद करतो, सिलिंडरची तीन वर्षांनी तपासणी होते. ऑगस्ट २०२२ मध्ये बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही ही मुभा मिळाली. म्हणजे दोनशे बारचा गॅस चालतो आणि सहा बारचा पेट्रोल पंप संशयित. हे कुठलं शास्त्र?

जर्मनीत, जिथून ही टीएसआय इंजिनं आली, तिथे मालकाला असे बदल करता येतात. पार्टला टीयूव्हीसारख्या संस्थेचं प्रमाणपत्र हवं, नंतर तपासणी, मग गाडीच्या कागदांत नोंद. ज्याच्याकडे कागद नाही त्याला रस्त्यावर अडवतात. मोकळीक आहे आणि धाकही आहे.

आपल्याकडे त्यासाठी लागणारी माणसं आणि यंत्रं नाहीत असंही नाही. कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय आहे, तिचं चाकणलाही केंद्र आहे. भोसरीत नाशिक रस्त्याला सीआयआरटी आहे. पंप बनवणारे, तपासणारे, त्याची वायर ओढणारे सगळे वीस किलोमीटरच्या आत.

आणि आता तर हा प्रश्न फक्त हौशी पोरांचा राहिलेला नाही. ई-२० आलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. वीस टक्के मिसळलं की तेवढ्याच ताकदीला सुमारे ७ टक्के जास्त इंधन ढकलावं लागतं. वरच्या हिशेबातले ४९ लिटर ५२-५३ होतात. मूळ स्थितीतल्या गाडीला पंपात तेवढी शिल्लक ठेवलेली असते, ती चालून जाते, मायलेज कमी होतं एवढंच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ६-७ टक्के घट लिहिली आहे. पण रिमॅप केलेल्या गाडीने ती शिल्लक आधीच खाल्लेली असते. दोन-चार वर्षांपूर्वी ठीक चाललेली गाडी आज पंपाच्या काठावर आहे आणि मालकाला पत्ता नाही. इंधन सरकारने बदललं, ते देशाच्या धोरणात बसतं. मीही इथेनॉलच्या विरोधात नाही, उसाच्या पट्ट्यात नातेवाईक आहेत माझे. पण इंधन बदललं तर ते पोचवणारी वस्तू नीट, नोंद करून बदलायची वाट तरी ठेवा.

"कल्याणीनगर विसरलात का, आणखी वेगवान गाड्या कशाला हव्यात?" असं खाली कुणीतरी लिहीलच. मे २०२४ मधलं ते कुणीच विसरलेलं नाही. मी वेग मागत नाहीये. या गाड्या आत्ता, या क्षणी, स्पाइन रोडवर फिरतायत. त्यांच्यात काय बसवलंय हे आरटीओला कळावं, पोलिसाला कळावं, विमा कंपनीने त्याचा जास्त हप्ता घ्यावा, आणि ज्याने वाईट काम केलं त्याचं नाव बिलावर असावं, एवढंच मागतोय. नोंद नसलेली ताकद सापडली तर मग खुशाल गाडी जप्त करा, मी टाळ्या वाजवीन.

करायचं काय तर मॉडेलवार किट मान्य करा. पंप, वायर, रिले, नळी आणि मॅप, सगळं एकत्र तपासलेलं, नुसता पंप नाही. तपासणी लोडवर, रोलरवर. वाढीला कमाल मर्यादा ठेवा, आणि ब्रेक, टायर त्या ताकदीला पुरतात का तेही बघा. बसवणारी गॅरेजं सीएनजीसारखी अधिकृत.

इथे एआरएआय आणि सीआयआरटीमधली काही मंडळी मला वाचतात, हे मला माहीत आहे. एका मॉडेलच्या एका किटची अशी चाचणी करायची तर खर्च किती येईल, दिवस किती लागतील, हे कमेंटमध्ये लिहा. "परवडणार नाही" हे उत्तरही चालेल, पण आकड्यासकट द्या. आणि ज्यांनी आधीच पंप बदललाय त्यांनी या रविवारी मागची सीट उचलून झाकणाखालचा कनेक्टर बघा. रंग बदललेला दिसला, प्लास्टिक कडक झालेलं दिसलं, तर गाडी तिथेच उभी करा आणि वायरमन शोधा.