शेवटच्या खोलीतलं वायफाय



आमचं घर जुनं आणि लांबट. पुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर आणि अगदी मागे परसदाराशी सासूबाईंची खोली. वर मुलांच्या दोन खोल्या. भिंती दीड फूट जाड, त्यामुळे उन्हाळ्यात घर थंड राहतं. पण याच भिंती वायफाय अडवतात, हे उशिरा कळलं.

गेल्या चातुर्मासात आईंचे गुडघे फारच धरले आणि मंदिरात प्रवचनाला जाणं बंद झालं. मुलाने त्यांना मोबाइलवर थेट प्रवचन लावून दिलं. दोन-चार वाक्यं ऐकू आली की पडद्यावर चक्र फिरत बसायचं. आईंनी तक्रार केली नाही. एक दिवस मोबाइल उशाशी पालथा ठेवलेला दिसला. विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे गं, तुमच्या कामाचं आहे ते." हे वाक्य मला फार बोचलं.

मग आम्ही सगळे करतात तेच केलं. आधी जास्त वेगाचा प्लॅन घेतला. सोप्यात वेग वाढला, आईंच्या खोलीत चक्र तसंच. मग रिपीटर आणला आणि त्यांच्याच खोलीत लावला. फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसायच्या, पण प्रवचन अडकायचंच. जिथे सिग्नल पोचतच नाही तिथे रिपीटर बिचारा काय पुढे पाठवणार? तो मधल्या जागी लावायचा असतो. शिवाय साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर घेतो आणि देतो, त्यात वेग साधारण निम्मा होतो.

उपाय निघाला तो वस्तू हलवण्यातून. वायर दारातून आली म्हणून राउटर सोप्यात, टीव्हीच्या मागे बसवलेला होता. वर मी घातलेला भरतकामाचा रुमाल! शेजारी लोखंडी कपाट. तो माजघरात उंचावर, मोकळ्या जागी आणला आणि निम्मं काम झालं. राउटरला दोन पट्टे असतात. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीत लवकर दमतो. २.४ चा हळू, पण लांब पोचतो. मात्र मायक्रोवेव्ह चालू असला की त्याला अडथळा होतो. म्हणून आईंचा फोन २.४ वर जोडला. वरच्या मजल्यासाठी जिन्यातून केबल नेली आणि तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला, नाव आणि पासवर्ड तेच. साधी लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, घराला पुरून उरते. केबल टाकता येत नसेल तरच मेशचा विचार करा.

आपण अपरिग्रह म्हणतो, मग आधी आहे ते नीट जागी ठेवूया, डबे नंतर विकत घेऊया. आमचा तो रिपीटर आता कपाटात पडून आहे.

माझ्या जाऊबाई म्हणतात, "मागे रेंज नाही तेच बरं, मुलं तिथे तरी मोबाइल बघत नाहीत." मला हे पटत नाही. मिळत नाही म्हणून सोडलं, तो त्याग कसला? मुलांना आवर घालायचा तर वेळ ठरवा. बहुतेक राउटरमध्ये ठरावीक वेळी त्यांचे फोन बंद ठेवायची सोय असते. त्यासाठी म्हाताऱ्या माणसाचं ऐकणं का तोडायचं?

माझं म्हणणं एवढंच. घरातलं वायफाय कसं आहे हे सोप्यात बसून ठरवू नका. आज संध्याकाळी फोन घेऊन घरातल्या सगळ्यात मागच्या खोलीत जा, दार लावा आणि एखादं प्रवचन पाच मिनिटं लावून बघा. त्या खोलीत कोण राहतं, आणि ते माणूस तक्रार का करत नाही, याचाही विचार करा.

आई आता पूर्ण प्रवचन ऐकतात. आणि रात्री मलाच विचारतात, "आज काय सांगितलं महाराजांनी, ऐकलंस का?"