‘आपल्या पोरांचे ॲप’ मी बनवणार नाही

“तू इंजिनिअर आहेस भाई, आपल्या पोरांसाठी कामाचे ॲप बनव. पेंटर, वेल्डर, फरशीवाला, केटरिंगची पोरं, सगळी आपली. काम देणारेही आपलेच.” जयसिंगपूरला गेलो की हा प्रस्ताव कोणी ना कोणी मांडतो. मी नाही म्हणतो आणि मित्र नाराज होतात. म्हणून माझी कारणे लिहून ठेवतो.

अडचण खरी आहे, हे आधी कबूल करतो. सकाळी डबा घेऊन चौकात उभ्या राहिलेल्या माणसाला दहापर्यंत कोणी नेले नाही, तर त्याचा दिवस बुडतो. त्यात नावाची अडचण वेगळीच. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावे बदललेले अर्ज पाठवून पाहिले. त्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश होती. पदवीधरांची ही गत, तर चौकातल्या मजुराचे काय?

“मग आपले वेगळे ॲप काढण्यात वाईट काय?” वाईट हे, की त्याने काम वाढत नाही, घटते. भिंत रंगवून घेणारा, नळ दुरुस्त करून घेणारा, लग्नात वाढपी लागणारा माणूस गावात सगळीकडे आहे. त्यातला एक मोहल्ला आपण आपल्यासाठी राखून घ्यायचा आणि बाकीचे गाव स्वतःच्या हाताने सोडून द्यायचे, याला धंदा म्हणत नाहीत. मुसलमान नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात जास्त अडकलेला आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितले. आपल्याला गिऱ्हाईक हवे आहे आणि आपण कुंपण मागतो आहोत.

दुसरे कारण माझ्या पेशातले. अशा ॲपच्या डेटाबेसमध्ये काय असेल? मुस्लिम कामगारांची नावे, मोबाईल नंबर, पत्ते आणि कुठल्या वेळी कोण कुठे काम करतो याची नोंद. बहिष्काराची आवाहने मोबाईलवर फिरतात, त्या काळात ही यादी आपणच तयार करून सर्व्हरवर ठेवायची? माहिती फुटते, विकली जाते, मागवून घेतली जाते. जी यादी चुकीच्या हातात गेली तर माणसाच्या पोटावर पाय येतो, ती बनवूच नये.

आणि ‘आपले’ म्हणजे नेमके कोण? बागवान, पिंजारी, अत्तार की मोमीन? घरात बसून ब्लाऊज शिवणारी बहीण त्यात आहे का? प्रस्ताव घेऊन आलेल्यांपैकी तिचे नाव एकानेही काढले नाही.

ज्या गावाला शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांचे नाव दिले, त्या गावात राहून त्यांची रीत तरी आठवावी. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले, तेव्हा महाराजांनी ते फक्त अस्पृश्यांसाठी राहू दिले नाही. स्वतः तिथे चहा प्यायले आणि बरोबरच्यांनाही पाजला. गिऱ्हाईक दुकानापर्यंत आणून दाखवले. कोणी म्हणेल, मुस्लिम बोर्डिंगही त्यांच्याच काळात, १९०६ मध्ये निघाले. बरोबर. पण तिथे राहणारी मुले शिकायला सगळ्यांच्या शाळेत जात. बोर्डिंग ही त्या शाळेत पोहोचण्याची पायरी होती.

मग मी काय बनवायला तयार आहे? सगळ्यांसाठी खुले ॲप, पण नियम आपण घालायचे. काम ठरेपर्यंत नाव आणि आडनाव दिसणार नाही. कसब, दर, अंतर आणि आधी केलेली कामे एवढेच दिसेल. दारात माणूस पाहून नकार दिला, तर अर्ध्या दिवसाची मजुरी द्यावी लागेल, आणि ती काम ठरतानाच जमा असेल. पुन्हा तेच केले तर खाते बंद. २०१९ मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने मुस्लिम डिलिव्हरी बॉय नको म्हणून ऑर्डर रद्द केली, तेव्हा झोमॅटोने बॉय बदलायला नकार दिला. एका कंपनीने एकदा केले, ते आपण नियम म्हणून करू. स्टार देण्याची पद्धत मी ठेवणार नाही, कारण मनातला आकस तिथेच लपतो. दोनच प्रश्न: काम झाले का, पैसे मिळाले का? बाईचा नंबर कोणालाही दिसणार नाही. किमान वेतनाखालचे काम टाकताच येणार नाही.

कमिशन कामगाराकडून घ्यायचे नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. मालक आणि हमाल दोघांची मंडळात नोंद, मजुरी मंडळामार्फत, तिच्यावर मालकाकडून लेव्ही, त्यातून भविष्यनिर्वाह निधी. हे कागदावर चालणारे ॲपच होते, आणि आजच्या अनेक ॲपपेक्षा न्यायी.

अजून एक. बांधकाम कामगार म्हणून कल्याणकारी मंडळात नोंदणी करायला वर्षात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज मालक बदलणाऱ्याला तो देणार कोण? ॲपमध्ये दिवसांची नोंद राहिली, तर दाखला मागायला हातात पुरावा येईल. तो सलीमला जितका लागतो, तितकाच संतोषलाही.

कोड लिहिणे यातले सोपे काम आहे. अवघड आहे ते दारोदार जाऊन पहिले दोनशे काम देणारे जोडणे, आणि त्यात बिगरमुस्लिम घरांचे दार वाजवणे. तेवढी हिंमत असेल तर मला फोन करा. लॅपटॉप घेऊन येतो.