घरचें आरोग्य : परसांतील हॉट टब

मुलाकडे अमेरिकेस गेलेल्या वडील मंडळींना तेथील परसांतला हॉट टब मोठा सुखकर वाटतो. परंतु पाणी नितळ दिसतें म्हणून तें निर्दोष समजूं नये. ऊन पाण्यांत क्लोरीन लवकर नाहींसा होतो. मग लिजिओनेला जंतु वाढून तुषारांवाटे फुप्फुसांत शिरल्यास वृद्धांस न्यूमोनिया जडूं शकतो. यास्तव स्नानापूर्वीं चाचणीची पट्टी पाण्यांत बुडवून पाहावी. आम्लता दर्शविणारा सामू ७.२ ते ७.८ असावा, तो ८ झाला कीं क्लोरीनचा सुमारें चतुर्थांशच प्रभावी राहतो. क्लोरीन दशलक्ष भागांत निदान ३ भाग असावा. आधीं क्षारता, मग सामू, शेवटीं क्लोरीन, हा क्रम पाळावा. रसायनें एकमेकांत मिसळूं नयेत. एवढें पाहिल्यावांचून वडिलांस पाण्यांत उतरूं देऊं नये.