लाटांची सुट्टी : आधी महिना, मग गाव

वैशाख लागला की धर्माबादच्या बाजारात दुपारी शुकशुकाट असतो. लाल मिरचीच्या मोसमाचा जोर ओसरू लागलेला असतो, पेढीवरची वर्दळ सकाळ-संध्याकाळपुरती उरते आणि पारा चाळिशीच्या पुढे गेल्यामुळे घरातील मुले कूलरच्या खोलीतून बाहेर पडत नाहीत. सुट्टीत कोठे जावयाचे, हा प्रश्न याच दिवसांत निघतो. एका पिढीपूर्वी त्याची उत्तरे ठरलेली असत: शिखरजी, पालिताणा, माउंट अबू, फार तर महाबळेश्वर. अलीकडे मात्र नातवंडे मोबाइलवर लाटेच्या माथ्यावर फळी घेऊन उभा राहिलेला तरुण दाखवतात आणि म्हणतात, ‘दादाजी, यंदा आपण हे शिकायला जाऊ या.’ दादाजींना आधी खेळाचे नाव समजून घ्यावे लागते. मग ते विचारतात की तेथे जेवणाचे काय.

दोन्ही प्रश्न योग्य आहेत. पण त्यांच्याही आधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. सर्फिंगसाठी गाव निवडताना छायाचित्रातील किनारा पाहून उपयोग नाही, कारण तोच किनारा जानेवारीत तळ्यासारखा शांत असतो आणि जूनमध्ये खवळलेला. लाट ही मोसमी वस्तू आहे. मिरचीचा भाव विचारताना कोणी महिना सांगितल्याखेरीज बोलत नाही. येथेही तोच हिशेब लागू पडतो.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळा सरल्यापासून मेपर्यंतचा काळ शिकणाऱ्यांचा मानला जातो. गोव्यात आश्वे, मोरजी, हरमल या भागांत आणि कर्नाटकात गोकर्णापासून मंगळुरूपर्यंत याच महिन्यांत शिकवणीचे वर्ग चालतात. हिवाळ्यात लाटा लहान असतात. उन्हाळा चढू लागला की हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडून, हजारो किलोमीटरवरील वादळांनी उठवलेल्या लांब पल्ल्याच्या लाटा आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचू लागतात. 1 जूनच्या सुमारास केरळात पाऊस उतरतो आणि त्यानंतर लवकरच पश्चिम किनारा नवशिक्यांसाठी बंद होतो. पूर्व किनाऱ्याचे गणित उलटे आहे. तमिळनाडूत दक्षिणेकडील लाटा उन्हाळ्यापासून पुढे वाढत जातात; 2025 मध्ये महाबलीपुरमला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरली ती ऑगस्टमध्ये. पण ऑगस्ट म्हणजे चातुर्मास आणि पर्युषणाची चाहूल. त्या दिवसांत ज्या घरी व्याख्यान चुकवले जात नाही, तेथे समुद्राची सहल सुचविण्याचे धाडस कोण करील?

म्हणजे उन्हाळाच उरतो. त्यातही चैत्री ओळीचे आयंबिल आणि घरात कोणाचा वर्षीतप असल्यास अक्षय्य तृतीयेचे पारणे उरकल्याखेरीज बिऱ्हाड हलत नाही. अक्षय्य तृतीया कधी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येते, कधी मेमध्ये. दुसऱ्या बाजूला मेच्या उत्तरार्धात बी-बियाणे आणि खतांच्या दुकानांवर शेतकरी येऊ लागतो, आणि मृग लागेपर्यंत दुकानदाराने गावाबाहेर असणे परवडत नाही. पंचांग आणि वही समोरासमोर ठेवली की एप्रिलची अखेर ते मेचा मध्य, एवढीच खिडकी उघडी राहते. ती अरुंद असली तरी सुदैवाने नेमकी योग्य जागी आहे.

या खिडकीतून पाहिले असता सर्वांत सोयीचे ठिकाण दिसते ते मुल्की. मंगळुरू आणि उडुपी यांच्या मध्ये, शांभवी नदीच्या मुखाजवळ वसलेले हे लहान गाव भारतीय सर्फिंगच्या आरंभस्थानांपैकी एक समजले जाते. जॅक हेबनर हे अमेरिकन वैष्णव संन्यासी तेथे स्थायिक झाले, त्यांनी 2004 मध्ये मंत्र सर्फ क्लब सुरू केला आणि ‘सर्फिंग स्वामी’ या नावाने ते ओळखले जाऊ लागले. पहाटे जप आणि मग लाटा, अशी त्या आश्रमाची ख्याती. मांस नाही, मद्य नाही. समुद्रकिनारा म्हटला की ज्या वातावरणाची वडीलधाऱ्यांना धास्ती वाटते, ते येथे नाही.

मात्र एक खुलासा आवश्यक आहे. वैष्णव स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य असतो, एवढ्यावरून पुष्कळ जण ते जैन भोजन समजतात. बटाटा, गाजर, बीट यांस तेथे मनाई नसते. कंदमुळे वर्ज्य असलेल्यांनी उतरण्याच्या जागी हे आधी बोलून ठेवावे. दारात पोहोचल्यावर नव्हे. किनारपट्टीवरील उडुपी पद्धतीच्या खानावळींत इडली, नीर डोसा, भात-सार मिळते. पण सांबारात कांदा असतोच, आणि मसाला डोशातला बटाटा कोणास सांगावयास नको. सोबत खाखरे, मेथीच्या पुऱ्या आणि पाणी उकळण्याची किटली असली की निम्मी चिंता मिटते.

जेवणाइतकीच वेळेची अडचण असते आणि तिच्याकडे लक्ष फार थोड्यांचे जाते. सर्फिंगची शिकवणी वाऱ्याच्या हिशेबाने चालते. सकाळी वारा मंद आणि पाणी गुळगुळीत असते, म्हणून पहिली तुकडी सूर्योदयाच्या आसपासच पाण्यात उतरते. दुसरी दुपार कलल्यावर. नवकारशी करणारा सूर्योदयानंतर 48 मिनिटे पाण्याचा थेंबही घेत नाही. मेमधील उकाड्यात, रात्रीपासून पाण्यावाचून असलेल्या मुलास तास-दीड तास लाटांशी झुंजावयास लावणे योग्य नाही. अशांसाठी पहिली तुकडी सोडून पुढची वेळ मागून घ्यावी. ती बहुधा मिळते. उलट संध्याकाळच्या तुकडीत सूर्यास्ताचे भान सुटते आणि चौविहार धोक्यात येतो. मुल्कीत मेमध्ये सूर्य सातच्या थोडा आधी मावळतो. साडेपाचला पाण्याबाहेर आले तरच पान वाढून जेवण उरकता येते. अष्टमी-चतुर्दशीला खेळ नको असे घरात ठरले असेल तर ते दिवस आरक्षण करतानाच वगळावेत. आगाऊ रक्कम भरल्यावर बदल मागणाऱ्यास व्यापारी माणूस काय उत्तर देतो, हे व्यापाऱ्यास ठाऊक असते.

आता अधिक कठीण प्रश्न. घरातील वडील मंडळी विचारतील की समुद्रात केवळ मौजेसाठी उतरणे श्रावकास शोभते काय. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पाणी स्वतःच अप्काय जीवांचे शरीर, त्यात त्रस जीवही. आणि प्रयोजनावाचून होणाऱ्या हिंसेला श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड हे स्वतंत्र नाव आहे. ज्याने ते व्रत घेतले आहे त्याला सर्फिंगच्या फळीवर उभे करण्यासाठी कोणतीही युक्ती शोधू नये. दिशापरिमाण व्रत घेतलेल्यांनी तर धर्माबादहून मंगळुरूचे अंतर आधी मोजावे. मर्यादेबाहेर असेल तर विषय तेथेच संपतो. ज्याने व्रत घेतलेले नाही त्या सोळा वर्षांच्या मुलास मात्र खेळाची बंदी घालून वर धर्माचे नाव सांगितले, तर त्याच्या मनात धर्म म्हणजे बंदी एवढेच उरते. हे नुकसान लाटेपेक्षा मोठे आहे. मधला मार्ग असा की मुलाने आठवड्यातून किती वेळ पाण्यात राहावयाचे ते स्वतःच ठरवावे आणि पाळावे. फळीवर पाय घसरू नये म्हणून चोळावयाच्या मेणात कधी कधी मधमाशांचे मेण असते, ही बारीक गोष्टही त्याने स्वतःच विचारावी. नवशिक्यांना देतात त्या मऊ पृष्ठभागाच्या फळीस बहुधा मेण लागतच नाही.

आणि मुल्कीचे पारडे जड करणारी गोष्ट मुल्कीत नाहीच. ती तेथून तासाभराच्या वाटेवर आहे. मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी 1430 मधील. तेथील चंद्रप्रभूंचे दर्शन, उतरत्या छपरांची ती काष्ठशिल्पासारखी भासणारी वास्तू आणि एकासारखा दुसरा नसलेले खांब पाहण्यात अर्धा दिवस सहज जातो. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे शतकानुशतके याच गावाने जपली. ती पुढे हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली 1939 पासून आपल्या विदर्भातील अमरावतीहून छापली जाऊ लागली. दिगंबर घराण्यांना हे क्षेत्र परिचित आहे. मराठवाड्यातील स्थानकवासी आणि मंदिरमार्गी कुटुंबे मात्र श्रवणबेळगोळ करून परततात आणि हा भाग राहून जातो. कारकळची 1432 मधील सुमारे 42 फूट उंचीची बाहुबलींची मूर्ती आणि वेणूरची 1604 मधील मूर्ती, दोन्ही याच परिसरात. मुले पाण्यात असताना आजी-आजोबांनी लॉजच्या व्हरांड्यात घड्याळ पाहत बसावे, अशी वेळ येथे येत नाही.

दुसरा पर्याय तमिळनाडूतील कोवळमचा. चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे 40 किलोमीटरवरील या मच्छीमार गावात मूर्ती मेगवन या तेथल्याच तरुणाने सर्फिंगची शाळा उभी केली. आरक्षण करताना सावध असावे, कारण केरळातही कोवळम आहे आणि तोही किनाराच आहे. चेन्नईचे आकर्षण आपल्या लोकांना वेगळे सांगावयास नको: साहुकारपेठेत देरासर, उपाश्रय, भोजनशाळा आणि बहुतेकांच्या घरचा एखादा तरी सोयरा. हैदराबादहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचता येते, तर मंगळुरूची रेल्वे फार मोठा वळसा घेते आणि विमान धरावे लागते. मेमध्ये मात्र चेन्नईत ‘अग्निनक्षत्र’ चालू असते, म्हणजे धर्माबादच्या उन्हातून निघून घामाच्या उन्हात जाणे. 15 एप्रिल ते 14 जून पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, पण लहान नावा चालूच राहतात. किनाऱ्यावर जाळी आणि मासळी दिसणारच. नाक मुरडण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की आपल्या मुलाला लाटेतून बाहेर काढण्यास जो धावेल, तो याच वस्तीतील मुलगा असेल.

गोवा तिसरा. लाटा सौम्य, 2008 पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक, शाकाहारी भोजनही आता मिळते. लहान मुलांना पहिल्यांदा फळीवर पालथे झोपवून लाटेचा धक्का अनुभवू द्यावयाचा असेल तर गोवा पुरेसा आहे. संध्याकाळनंतरचे वातावरण ज्याने त्याने पाहावे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे भाग आहे. मुल्कीलगतच्या ससिहित्लू किनाऱ्यावर 2016 मध्ये इंडियन ओपन ही राष्ट्रीय स्पर्धा 27 ते 29 मे या दिवसांत झाली, आणि नंतरही ती त्याच परिसरात मेअखेर किंवा जूनच्या आरंभी भरत आली आहे. त्यावरून ‘मग आपणही मेअखेरच जाऊ’ असे कोणी म्हणेल. स्पर्धक ज्या लाटेची वाट पाहतात, ती नवशिक्याने टाळावयाची असते. कुस्तीचा फड पाहून कोणी पोराला पहिल्याच दिवशी आखाड्यात उतरवत नाही.

पठारावरचा माणूस समुद्राबाबत दोन चुका करतो. पहिली अशी की विहिरीत किंवा गोदावरीच्या डोहात पोहणारा समुद्रातही पोहतो, असे तो समजतो. विहिरीचे पाणी ओढत नाही. किनाऱ्यावर फुटलेले पाणी मात्र एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने परत समुद्राकडे जाते. तो पट्टा वरून शांत दिसतो आणि त्यामुळेच माणूस तेथे उतरतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झटू नये. किनाऱ्याला समांतर आडवे पोहून पट्ट्याबाहेर पडावे. सर्फिंगचा वर्ग घेण्याचा एक मोठा लाभ हाच की हे पहिल्याच दिवशी वाळूवर शिकवले जाते. दुसरी चूक अधिक जीवघेणी आहे. वर्ग संपल्यावर, गुरुजी गेल्यावर, भावंडे ‘आणखी एकदाच’ म्हणून पाण्यात जातात. 2016 मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले, तेव्हा ते खेळ शिकत नव्हते. नुसते पाण्यात उतरले होते.

6 मे 2024 रोजी, म्हणजे नेमक्या आपल्या खिडकीतील दिवशी, कन्याकुमारी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर पाच तरुण वैद्यकीय विद्यार्थ्यांना लाटेने ओढून नेले. आकाश निरभ्र असते, वारा नसतो, आणि तरीही दूर दक्षिणेत उठलेली लाट अचानक किनाऱ्यावर चढते. केरळात तिला ‘कल्लक्कडल’, चोरपावलांनी येणारा समुद्र, असे म्हणतात. त्या दिवसासाठी इशारा आधीच दिलेला होता. तो इशारा देणारी इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर हैदराबादेत आहे. ज्या शहरात धर्माबादचा माणूस औषधोपचारापासून लग्नाच्या खरेदीपर्यंत सर्व कामांसाठी जातो, त्याच शहरात. तिचे लाटांचे अंदाज रोज प्रसिद्ध होतात आणि मोबाइलवर विनामूल्य पाहता येतात. कुटुंबप्रमुखाने बाजारभावाच्या बरोबरीने ते पाहावेत. इशारा असलेल्या दिवशी भरलेले पैसे गेले तरी जाऊ द्यावेत.

पैशांवरून विम्याचे आठवते. सर्वसाधारण प्रवास विम्यात साहसी खेळांतील इजा बहुधा वगळलेली असते. ते कलम सही करण्यापूर्वी वाचावे आणि आवश्यक तर वाढीव हप्ता भरावा. शिकवणाऱ्याकडे सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडियाची किंवा आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता आहे काय, जीवरक्षणाचे प्रमाणपत्र आहे काय, एका गुरुजीमागे किती मुले असतात, हे फोनवर विचारण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. उत्तर देताना जो चिडतो, त्याच्याकडे जाऊ नये. मुलींसाठी पूर्ण बाह्यांचा आणि पूर्ण पायांचा पोहण्याचा पोशाख मिळतो आणि तो मुलांनीही घालावा, कारण मेमधील समुद्रावरचे ऊन पाठ सोलून काढते.

मुक्काम पाच दिवसांचा धरावा. पहिले दोन दिवस बहुतेक मुले फळीवरून पडतच राहतात, तिसऱ्या दिवशी एखादी लाट त्यांना उभे राहू देते. मध्ये एक दिवस अंग दुखते म्हणून मोकळा लागतोच, तो मूडबिद्रीसाठी. कारकळ निघण्याच्या दिवशी सकाळी करावे. मूर्ती उघड्या कातळटेकडीवर आहे, पायऱ्या दगडात कोरलेल्या आहेत, आणि नऊ वाजून गेल्यावर अनवाणी पायांना तो कातळ सोसत नाही.