बिगारीच्या रांगेत लागण्याआधी शिकाऊ उमेदवारीचा अर्ज भरा

नाशिककर पालकहो आणि दहावी, बारावी, आयटीआय झालेल्या मुलामुलींनो,

2026-27 च्या सिंहस्थासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरात घाट, रस्ते, पुलांची कामे काढली आहेत. शहराच्या कडेने इमारती तर वाढतच आहेत. आपली मुले या कामांवर जातातही, पण सकाळी नाक्यावर उभी राहून, रोजंदारीवर. माझे आयुष्य आयटीआयमध्ये शिकवण्यात गेले. घमेली उचलणाऱ्या हातात थापी आणि ओळंबा कोणी आपणहून देत नाही. दहा वर्षांनीही तो बिगारीच राहतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने दुसरी वाट दिली आहे. गवंडी, प्लंबर, सुतार, वायरमन, सर्व्हेअर हे सारे ट्रेड त्यात आहेत. काम शिकायचे, दरमहा विद्यावेतन घ्यायचे, शेवटी परीक्षा देऊन देशभर चालणारे प्रमाणपत्र मिळवायचे. 2019 च्या नियमांत दहावी पास उमेदवाराला किमान 6000 आणि आयटीआय झालेल्याला 7000 रुपये ठरले. सध्याचा दर अर्ज करताना पाहून घ्या. बिगारीचा महिना यापेक्षा जास्त भरेल, हे खरे आहे. घरची ओढाताण मला ठाऊक आहे. तरीही शिकण्याचा हा काळ निभावून न्या, अशी कळकळीची विनंती आहे.

केंद्र सरकारच्या ‘अप्रेंटिसशिप इंडिया’ पोर्टलवर आधार, गुणपत्रिका आणि स्वतःचे बँक खाते देऊन नोंदणी करा. जागा शोधून अर्ज तिथेच करता येतो. जमत नसेल तर सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन विचारा.

बिल्डर आणि ठेकेदार बंधूंनो, कंत्राटी धरून 30 किंवा अधिक माणसे असतील, तर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे तुम्हाला बंधनकारक आहे. 4 ते 29 माणसे असणाऱ्यांनाही ते घेता येतात. कुशल गवंडी मिळत नाही म्हणता, तर साइटवर दोन मुले शिकायला ठेवा.

आणि मुलांनो, नोंदणी झालेल्या कराराशिवाय कामाला सुरुवात करू नका. अठरा पूर्ण नसतील तर पालकांची सही लागते. ट्रेड, मुदत, विद्यावेतन वाचून घ्या, प्रत घरी ठेवा. करारात ‘गवंडी’ लिहून महिनोन्‌महिने नुसती घमेलीच उचलायला लावली, तर गप्प बसू नका. करार घेऊन आयटीआयमध्ये या.

— एक निवृत्त शिल्प निदेशक, नाशिक