निर्गुडीचा पाला, सालईचा डिंक

बांधाच्या कडेला निर्गुडी नाही असे गाव आपल्याकडे विरळाच. पाय मुरगळला, गुडघा धरला की पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधायचा, हे घरातल्या म्हाताऱ्यांना कोणी शिकवावे लागत नाही. बैलाला खांदेसूज आली तरी हाच पाला. शिवारफेरीत भगिनी हटकून विचारतात, "साहेब, याला शास्त्राचा आधार आहे का हो?" आहे. पण तो कुठवर आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण 'प्रयोगशाळेत सिद्ध' एवढे दोन शब्द छापून आठवडी बाजारात वाटेल ते विकले जाते.

नवी जात आली की आपण काय करतो? शेजारच्या वाफ्यात जुनी जात लावतो, खतपाणी सारखेच देतो आणि मग उतारा पाहतो. औषधी वनस्पतीची परीक्षाही तशीच होते. पाल्याचा पाण्यात किंवा मद्यार्कात अर्क काढतात. मग पांढऱ्या उंदरांचे गट पाडतात. एका गटाला नुसते पाणी, दुसऱ्याला माहितीतले वेदनाशामक औषध, बाकीच्यांना कमीजास्त मात्रेत अर्क. नंतर मागच्या पंज्यात कॅराजीनन नावाचा, समुद्रशेवाळापासून काढलेला पदार्थ टोचतात. पंजा सुजतो आणि तीन ते पाच तासांत सूज भरास येते. ही सूज नजरेच्या अंदाजाने ठरवत नाहीत. द्रवाने भरलेल्या नळीत पंजा बुडवून द्रव किती वर चढतो ते मोजतात. 1962 पासून ही रीत जगभर चालत आली आहे.

दुखण्याची परीक्षा निराळी. 55 अंश सेल्सिअसच्या तबकडीवर उंदीर ठेवून तो किती सेकंदांनी पाय चाटतो किंवा उडी मारतो ते घड्याळावर पाहतात, आणि ठरलेली वेळ होताच त्याला उचलून घेतात, पाय भाजू नये म्हणून. मुक्या जिवांवरचे काम आहे. आपल्या देशात समितीची परवानगी घेतल्यावाचून ते करता येत नाही, आणि हे योग्यच आहे.

निर्गुडीच्या ताज्या जून पानांच्या अर्काची अशी परीक्षा श्रीलंकेत झाली व तिचे निष्कर्ष 2003 साली छापून आले. उंदरांची सूज कमी झाली, वेदनाही कमी झाली. म्हणजे आजीबाई उगाच सांगत नव्हत्या. पण उंदराची सूज तासांची, फार तर काही दिवसांची. आपल्या गुडघ्याचे दुखणे दहा वर्षांचे. शिवाय तेथे अर्क पोटात दिला होता, आपण पाला वरून बांधतो. आणि उंदराच्या मात्रेवरून माणसाची मात्रा नुसत्या गुणाकाराने निघत नाही.

माणसावरच्या परीक्षेचे एक चांगले उदाहरण आपल्या नागपूरचे आहे. सातपुड्यात व विदर्भाच्या रानात सालईची झाडे आहेत. खोडाला खाच पाडली की सुवासिक डिंक येतो. त्याच्या अर्काची परीक्षा गुडघ्याची झीज झालेल्या 30 रुग्णांवर झाली, तीही 2003 मध्येच प्रसिद्ध झाली. निम्म्यांना 8 आठवडे अर्क, निम्म्यांना दिसायला तसेच पण औषध नसलेले. मध्ये काही दिवस सोडून अदलाबदल. कोणाला काय मिळते आहे, हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. अर्क घेणाऱ्यांचे दुखणे कमी झाले, गुडघा जास्त वाकू लागला, चालणे वाढले. एक्स-रे मात्र होता तसाच राहिला. तेव्हा 'झीज भरून काढतो' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आणि 30 माणसे म्हणजे गुंठाभर प्रयोग. तेवढ्यावर आम्ही एखाद्या वाणाचीही तालुकाभर शिफारस करत नाही.

मग घरी काय करावे? निर्गुडीचा शेक खुशाल घ्या, सोसवेल इतपतच गरम. जखमेवर किंवा पुरळावर नको. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर चटका कळत नाही, तेथे शेक टाळा. काढा मात्र मनाने पिऊ नका. गरोदर बाई, मूत्रपिंडाचा रोगी आणि रक्त पातळ होण्याची गोळी घेणारा यांनी तर नाहीच. सांधा लाल व गरम होऊन ताप आला असेल तर पाला बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाजारातल्या सांधेदुखीच्या पुड्यांविषयी मला जास्त काळजी वाटते. जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. खूण अशी: वर ना कारखान्याचे नाव, ना परवाना क्रमांक, आणि एकदोन दिवसांत जादूसारखा आराम. महिन्या-दोन महिन्यांनी चेहरा गोल फुगतो, भूक सुटते, रक्तातली साखर चढते. घरात कोणी अशी पुडी बरेच दिवस घेत असेल तर ती एकाएकी बंद करू नका. त्यानेही जिवाला धोका होतो. उरलेली पुडी तशीच कागदासकट सरकारी दवाखान्यात घेऊन जा आणि किती दिवस, दिवसातून किती वेळा घेतली, ते डॉक्टरांना सांगा.