दिव्याच्या पोटातील हिशोब



आपल्या वर्धा जिल्ह्यात अनेक विहारांतून मुलामुलींच्या अभ्यासिका चालतात. पोलीस भरती, तलाठी, एम.पी.एस.सी.ची पुस्तके तेथे रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. दिवे येतात वर्गणीतून, आणि वर्गणी येते कापूस वेचणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या मायबहिणींच्या पदराच्या गाठीतून. म्हणून दिव्याची खरेदी ही आम्हाला लहान बाब वाटत नाही.

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेसाठी ४० रुपये नगाप्रमाणे १२ एल.ई.डी. दिवे आले. खोक्यावर ९ वॅट व दोन वर्षांची हमी. पावती मात्र नाही. चार महिन्यांत ५ बंद पडले. तेव्हा आम्ही कार्यकर्त्यांनी त्यातील एक आणि नामांकित कंपनीचा एक, असे दोन दिवे खोलून शेजारी ठेवले.

दोन्हींत पांढऱ्या झाकणाखाली गोल पाटी व तिच्यावर दाण्याएवढे पिवळे ठिपके. उजेड देतात ते हेच. ते माळेसारखे जोडलेले असतात. एक जळाला की सारी माळ विझते. आमच्या दिव्यात एकाच ठिपक्यावर काळा डाग होता!

ठिपका जळतो उष्णतेने. चांगल्या दिव्यात पाटीखाली ॲल्युमिनियमची वाटी होती, ती उष्णता बाहेर नेते. स्वस्त दिव्यात पातळ पाटी नुसती प्लास्टिकमध्ये दाबलेली. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेथे असा दिवा टिकणार कसा?

दुसरी चोरी ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रवाह बेताने सोडणाऱ्या सर्किटमध्ये. एकात कॉईल, आय.सी., कपॅसिटर, दुसऱ्यात दोन-चार सुटे भाग. प्रवाह सपाट करणारा कपॅसिटर गाळला की उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण डोळे शिणतात. मोबाईलचा कॅमेरा दिव्यावर धरावा. पडद्यावर ठळक पट्टे सरकले तर तो दिवा अभ्यासाला नको.

आता हिशोब पहा. ४० रुपयांचा दिवा चार महिने टिकला तर महिन्याला १० रुपये पडले. १०० रुपयांचा दोन वर्षे टिकला तर सव्वाचारच्या आत. मग स्वस्त कोणता?

एल.ई.डी. दिव्याला बी.आय.एस. नोंदणी सक्तीची आहे. 'आर' अक्षरापुढील आठ आकडी क्रमांक बी.आय.एस. केअर ॲपवर तपासता येतो. पावतीशिवाय हमीला अर्थ नाही.

व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री असताना बाबासाहेबांनी १९४३ साली देशाला स्वस्त व मुबलक वीज हवी, ही भूमिका मांडली. ती वीज घरात आली. तिचा उजेड निकृष्ट मालात वाया का घालवावा? ऐकीव गोष्ट पारखून घ्या, ही तर तथागतांची कालामांना दिलेली शिकवण. खोक्यावरचा मजकूर हीसुद्धा ऐकीव गोष्टच!

विहार समित्यांना आमची सूचना आहे: घाऊक खरेदीपूर्वी एक दिवा जादा घेऊन जाणत्या वायरमनकडून खोलून पाहावा. दिवा सॉकेटमधून काढलेला असावा. खोललेला पुन्हा लावू नये, आत २३० व्होल्टचा धक्का बसू शकतो. आणि त्या दिव्याची किंमत खर्चाच्या वहीत 'तपासणी' म्हणून उघड लिहावी. वर्गणीदारांना तो खर्च नक्कीच पटेल.

जयभीम! नमो बुद्धाय!